विम्याचे मणी

एक दुपार सोडली तर माझ्या आईने उभ्या आयुष्यात ‘विमा’ हा शब्द तोंडातून काढला नाही. विम्याला ती ‘तां’ म्हणायची. तां म्हणजे ते. आणि विम्याचा एजंट म्हणजे नुसता ‘तो’. "गो, तो इलो. सांग, आई घरात नाय," असं माझ्या कानात सांगून ती मोरीच्या आडोशाला जाऊन उभी राहायची. आमची लालबागची खोली ती केवढी! मोरीत उभं राहिलेलं माणूस दारातून डोक्यापासून कमरेपर्यंत सरळ दिसायचं. तो बिचारा सभ्य माणूस, तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलायचा आणि हॅट छातीशी धरून जिना उतरायचा.

हे सगळं आठवलं की मला आधी हसू येतं आणि मग आईचा राग येतो. आज माझ्या केसांत काळा केस औषधाला नाही, तरी येतो. राग कशाचा ते सांगते, पण त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

बाबा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे विणाईखात्यात. पगाराच्या दिवशी घरी आले की आधी हातपाय धुवायचे, मग चटईवर बसून सगळा पगार आईसमोर ठेवायचे. त्यात एक क्रम ठरलेला असे. पहिलं खोलीचं भाडं, मग गावच्या आजीची मनीऑर्डर, मग माझी शाळा, आणि हे सगळं बाजूला झालं की उरलेल्यात वाणी, रॉकेल, मासळी. आई म्हणायची, आधी वाण्याचं बघा, पोट काय शाळेत जातं? बाबा म्हणायचे, पोट ओरडून मागून घेतं गो, शाळा मागत नाही, म्हणून ती आधी. ह्या एका गोष्टीवरून त्यांचं दर महिन्याला वाजायचं आणि दर महिन्याला बाबाच जिंकायचे. मी एकुलती एक. माझ्या पाठचा एक भाऊ होता, तो तान्हाच गेला. त्यानंतर बाबांनी सगळा जीव माझ्या पाटी-दप्तरात घातला. त्यांच्या खात्यातल्या एका जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मुलगी मॅट्रिक होऊन टेलिफोनवर नोकरीला लागली होती. खुर्चीवर बसून काम, वर पंखा! बाबांनी तो पंखा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यासारखा सांगितला होता.

त्या वर्षांत मुंबई पेटलेली होती. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं सरकार म्हणत होतं आणि आमचा अख्खा गिरणगाव रस्त्यावर उतरला होता. बाबा पाळी सुटली की परस्पर मोर्चाला जायचे. घरी आले की दारातच मूठ वर करून ओरडायचे, "संयुक्त महाराष्ट्र!" मी आतून ओरडायची, "झालाच पाहिजे!" मग ते चप्पल काढता काढता म्हणायचे, "पोर मॅट्रिक!" मी दुप्पट जोरात, "झालीच पाहिजे!" शेजारची म्हातारी भिंतीवर हात आपटायची. आई म्हणायची, बापलेकीला वेड लागलंय, आणि हसू लपवायला तोंड शेगडीकडे फिरवायची. आमच्या घरातलं ते सगळ्यात चांगलं सुख होतं. त्याला पैसे पडत नव्हते.

मग गोळीबार झाला. आमच्या समोरच्या चाळीतला एक जवान माणूस त्यात गेला. मोर्चात नव्हता हो तो. नाक्यावर उभा राहून काय चाललंय ते बघत होता. त्याची बायको माझ्या आईपेक्षा लहान, पदरात दोन पोरं. खोलीचं भाडं कोण देणार? महिना-दोन महिने चाळीने वर्गणी काढली, पुढे लोकांनाही आपापले संसार होते. शेवटी ती पोरांना घेऊन कोकणात माहेरी निघाली. बाबा तिची ट्रंक डोक्यावर घेऊन भाऊच्या धक्क्यावर बोटीपर्यंत पोचवायला गेले. परत आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, "तिचा थोरला दुसरीत होता. बोटीवर चढताना मला विचारतो, काका, गावच्या शाळेत माझी पाटी चालेल ना?" एवढं बोलून बाबा भिंतीकडे तोंड करून निजले. पुढच्याच रविवारी त्यांनी विम्याच्या माणसाला घरी बोलावलं.

हा माणूस गिरगावात खोताच्या वाडीत राहणारा ख्रिस्ती गृहस्थ होता. उंच, सावळा, पांढरी इस्त्रीची पाटलोण, हातात हॅट. मराठी आमच्यासारखंच बोलायचा, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज थोडा वर न्यायचा. माणूस एकदम सज्जन. पण यायची वेळ चुकली त्याची. आईने नुकतीच देवाजवळ सांजवात लावली होती आणि हा चटईवर बसून बाबांना म्हणाला, "समजा, मिस्तर, उद्या तुम्ही नसलात, तर बाईंना आणि बेबीला इतके रुपये मिळतील."

आई चहा द्यायला वाकली होती, तिने आधी देवाकडे बघितलं. तिन्हीसांजेला घरात वाईट बोलायचं नसतं. त्या वेळी वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा माणूस दिवा लागलेला असताना, देवासमोर बसून, तुम्ही नसलात तर म्हणतो! शिवाय नसण्याची किंमतही सांगतो! बाबा मात्र मान डोलवत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे पोरीचं मॅट्रिकपर्यंत निभेल?" तो म्हणाला, निभेल, आरामात निभेल, फक्त दर तीन महिन्यांनी हप्ता चुकवायचा नाही. बाबांनी कागदावर सही केली, खाली वारस म्हणून आईचं नाव घातलं. तो गेल्याबरोबर आईने मीठमोहऱ्या घेऊन बाबांवरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. तडतड आवाज झाला, खोलीभर धूर झाला. "मेल्याने माणसाची किंमत ठरवली नि चहा पिऊन गेला," म्हणाली. बाबा खोकत खोकत हसत होते.

पहिले काही हप्ते बाबांनी स्वतः दिले. मग त्यांची पाळी बदलली, एजंट यायच्या वेळी ते गिरणीत असायला लागले, म्हणून पगाराच्या दिवशीच्या त्या क्रमात शाळेच्या मागोमाग विम्याचा हप्ता येऊन बसला आणि तो आईच्या हातात जायला लागला. आईला माझ्या बाबांनी कधी हिशेब विचारला नाही. सगळ्या चाळीत तिच्याइतकं काटकसरीने घर चालवणारं कुणी नव्हतं, आणि त्यांना ते माहीत होतं. विश्वास होता. तिथेच घात झाला.

एका दुपारी मी शाळेतून आले तर आई नऊवारी बदलून तयार. "चल गो," म्हणाली. आम्ही चालत चालत हिंदमाता टॉकीजच्या अंगाला गेलो. मला वाटलं परकराचं कापड घ्यायचं असेल, मी साड्यांच्या दुकानांच्या काचांना नाक लावत चालले होते. पण आई एका बोळातल्या सोनाराकडे शिरली. पदराच्या गाठीतून हप्त्याचे पैसे काढले, गळ्यातलं मंगळसूत्र उतरवलं नाही, तसंच पुढे धरून म्हणाली, "ह्यात एक सोन्याचा मणी घाला." आमच्याकडे गरिबाचं मंगळसूत्र म्हणजे दोन बारक्या वाट्या आणि बाकी सगळी काळी पोत. सोनार म्हणाला, गळ्यातून काढून द्या बाई. आई म्हणाली, ते असताना गळा मोकळा करायचा नाही. ‘ते’ म्हणजे बाबा. शेवटी त्याने ती बसली होती तिथेच, तिच्या गळ्याशी वाकून पोत उसवली आणि मणी ओवला. मान अवघडली बिचाऱ्याची.

परत येताना ती मला म्हणाली, "तो म्हणता, हे गेल्यावर पैसे मिळतील. म्हणजे मी दर तीन महिन्यांनी पैसे भरून कसली वाट बघू? माका नको ते पैसे. मंगळसूत्रात सोनं पडलं की घरधन्याचं आयुष्य वाढतं. ज्या पैशानं मरण यायचं त्याच पैशानं आयुष्य घेतलंय मी." मग थोडं चालून म्हणाली, "बापाशीक सांगा नको." मी कशाला सांगतेय! मला तर ते फार शहाणपणाचं वाटलं. विम्याच्या कागदापेक्षा पिवळा मणी किती छान दिसत होता.

त्या एजंटला तिने सांगून टाकलं, ह्यांनीच बंद करायला सांगितलंय. तो दारात उभा राहिला, हॅट या हातातून त्या हातात. "मी एकदा मिस्तरांना भेटतो," म्हणाला. आई म्हणाली, "नको नको, ते फार रागीट आहेत. गिरणीत जाऊ नका हां, डोकं फोडतील." माझे बाबा! झुरळ मारायलाही मला हाक मारायचे ते! त्यानंतरही तो दोन-तीनदा येऊन गेला, दर वेळी आई मोरीत आणि मी दारात. जाताना म्हणायचा, "बेबी, आईला सांग, अजून वेळ आहे, परत चालू करता येईल." मग यायचा बंद झाला. हप्ता मात्र बंद झाला नाही. दर तीन महिन्यांनी बाबा तो द्यायचे आणि दर तीन महिन्यांनी हिंदमाताच्या बोळात एक मणी ओवला जायचा.

आणि खरं सांगायचं तर तो मणी गुण देत होता. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. बाबा सत्याग्रहाला गेले, पोलिसांनी गाडीत कोंबून नेलं, चार दिवस आत ठेवून सोडलं, ते धडधाकट परत. एकदा लाठीमार झाला, शेजारच्याचं डोकं फुटलं, बाबांची फक्त चप्पल हरवली. आई मला हळूच मंगळसूत्र दाखवायची आणि डोळे मिटून उघडायची. मोर्चाचा गलका ऐकू आला की स्वयंपाक करता करता तिचा डावा हात गळ्याकडे जायचा. मणी एकेक करून बोटांनी चाचपायची, जणू दाराच्या कड्या लावल्यात की नाही ते बघतेय.

बाबांनाही ते दिसलंच. एकदा जेवताना म्हणाले, "अगो, तुझ्या गळ्यात काळं कमी नि पिवळं जास्त दिसायला लागलंय. वाणी साखरेबरोबर सोनं तोलून देतो काय?" आई म्हणाली, "वाचवते घरखर्चातून." त्यावर बाबांच्या तोंडावर जे कौतुक आलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. भाडं, मनीऑर्डर, शाळा, विमा, सगळं देऊन वर ही बाई सोनं करते! त्यांनी गिरणीत सांगितलं, काकांना सांगितलं, चाळीच्या कठड्याला टेकून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. आई खाली मान घालून भांडी घासत होती.

मग बाबांना कावीळ झाली. गोळी नाही, लाठी नाही, कावीळ. डोळे पिवळे झाले तेव्हा आईने आधी झाडपाला केला, कुणीतरी मंत्र घातलेलं पाणी दिलं, पंधरवडा त्यातच गेला. परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं तोवर पोट फुगलं होतं. आई रोज दोन वेळा पेज घेऊन चालत जायची. हप्त्याची वेळ झाली तेव्हा बाबांनी उशीखालून पैसे काढून दिले, गिरणीतून उचल घेतली होती त्यातले. "हा चुकवू नकोस," म्हणाले. आई त्या पैशांचा मणी घालून आली. रस्ताभर माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की मी रडकुंडीला आले.

शेवटच्या दिवसांतली एक दुपार. वॉर्डात जेवणाची ताटं वाजत होती. बाबांचा आवाज पार गेला होता, आई कान त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकत होती आणि मी खाटेच्या पायथ्याशी उभी. ते म्हणाले, "घाबरू नको. विम्याचे येतील. गावाला जाऊ नको. खोली सोडू नको. पोरीला शाळेतून काढू नको." आईने नुसतं "होय" म्हटलं. ते म्हणाले, "किती बरं झालं गो, आपण तो काढला." आई परत म्हणाली, "होय." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चादरीवर हाताची मूठ केली. वर नेता आली नाही. बोलताही आलं नाही. पण ते काय म्हणतायत ते मला कळलं आणि मी तिथे, सगळ्या पेशंटांच्या देखत, "झालीच पाहिजे" असं म्हणाले. नर्स रागावली. बाबा हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

ते निर्धास्त गेले, हे मला पुढे किती लोकांनी सांत्वन म्हणून सांगितलं. निर्धास्त गेले हेच तर दुःख होतं आमचं.

चाळीतल्या बायकांनी आईचं मंगळसूत्र तोडलं. काळे मणी जमिनीवर घरंगळत गेले, ते कुणीतरी केरसुणीने गोळा केले. सोन्याचे वाटीत ठेवले. आई रडत नव्हती. त्या वाटीकडे बघून सारखं एकच म्हणत होती, "एवढे घातले. एवढे घातले गो मी." बायकांना वाटलं, बाईला सोन्याचं पडलंय. एकीने दुसरीला कोपर मारलेलं मी स्वतः बघितलं. मला त्या बाईचा झिंज्या धरून कडेलोट करावासा वाटला होता.

तेराव्यानंतर काका आमच्या घरी येऊन बसले. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, परळच्या गिरणीत होते. गिरणीतून बाबांच्या फंडाचे जे मिळाले ते इस्पितळात आणि दिवसपाण्यात गेले होते. काका म्हणाले, आता विम्याचं बघू. त्यांनीच खोताच्या वाडीत निरोप धाडला होता. संध्याकाळी तो आला. तोच माणूस, तीच पाटलोण, हॅट आता जरा जुनी. दारात चपला बघून थांबला, आत येऊन बाबांच्या फोटोपुढे उभा राहून त्याने छातीवर क्रूस केला. चाळीतले चार पुरुष बसलेले, दाराबाहेर बायका. काका म्हणाले, "पैसे कधीपर्यंत येतील?"

तो गोंधळला. म्हणाला, "पण विमा तर केव्हाचाच बंद आहे. मिस्तरांनीच बंद केला ना? रागावले होते म्हणे." मग आईकडे वळला, "बाई, तुम्हीच सांगितलंत ना, त्यांनी बंद करायला सांगितलं?"

सगळे आईकडे बघायला लागले. मी तिच्या शेजारी होते. तिने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गेलेल्या माणसाला काय कळतंय? चाळ म्हणाली असती, पुरुषाला अक्कल नव्हती, पोरीबाळीचा विचार केला नाही, आणि बिचारी विधवा म्हणून आईला चार घास जास्त मिळाले असते. मलाही त्या क्षणी वाटलं, आई, हो म्हण. हो म्हणून टाक.

आई म्हणाली, "नाय. त्यांनी एक हप्ता चुकवला नाय. मी बंद केलं. पैशाचे मणी केले." आणि कोपऱ्यातली वाटी आणून सगळ्यांच्या मध्ये ठेवली.

एजंटने विचारलं, "पण का, बाई?" आईला ते सांगता आलं नाही. इतक्या पुरुषांपुढे, नवऱ्याच्या फोटोपुढे, ते जगावेत म्हणून केलं, असं कसं सांगणार? ती पदर तोंडात धरून बसली. काका उठले आणि म्हणाले, "तो तिकडे रक्त ओकत साचे चालवत होता आणि तू त्याच्या पैशावर दागिने घडवत होतीस." बाहेरच्या बायकांत कुजबुज झाली. त्या वाक्याचा डाग आईला कायमचा लागला. चाळीत पुढे कित्येक वर्षं तिला कुणी नावाने हाक मारली नाही, ‘ती मणीवाली’ म्हणायचे. मी ओरडून सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी पोरगी होते हो. मी ओरडले सुद्धा. काकांनी मला गप बस म्हटलं आणि मी सांगितलेलं कुणाला खरं वाटलं नाही. आईने शिकवलंय म्हणाले.

जाताना त्या माणसाने काकांना समजावलं की निदान तीन वर्षं भरलं असतं तर थोडंफार तरी हातात आलं असतं, आता काहीच येणार नाही. आईपाशी थांबून तो हळू म्हणाला, "मी तुमचं ऐकायला नको होतं, बाई. गिरणीत जायला हवं होतं." त्याचे डोळे भरले होते. एवढ्या सगळ्या लोकांत आईला दोष न देणारा तो एकटाच निघाला.

मण्यांचं काय झालं तेही सांगते. काका आईला आणि मला घेऊन त्याच सोनाराकडे गेले. सोनाराने मणी बघितले आणि मान हलवली. म्हणाला, हे पोकळ असतात बाई, वर सोन्याचा पत्रा, आत लाख भरलेली. घेताना सांगितलं होतं की. त्याने खरंच सांगितलं असेल, आईने ऐकलं नसेल. तिला कुठे वजन घ्यायचं होतं? तिला मणी हवा होता. त्याने ते मुशीत टाकून तापवले, लाख जळायला लागली आणि दुकानात धूर झाला. मीठमोहऱ्यांच्या त्या दिवसासारखाच ठसका लागला मला. तळाशी उरलं ते एवढंसं, वाटाण्याएवढं. आई ते बघून पहिल्यांदा रडली, तीही आवाज न करता, उंबऱ्यावर बसून.

त्या पैशात माझी वर्षाची फी निघाली आणि खोलीचं थकलेलं भाडं. आईने गावाला जायला नकार दिला, खोली सोडली नाही. त्यांचं तेवढं ऐकलं तिने. घरात चार गिरणीवाल्यांचं जेवण लावलं, पहाटे उठून भाकऱ्या थापायची. तरी वर्ष संपलं तेव्हा पुढच्या वर्गाची फी आणि पुस्तकं जमली नाहीत. शाळेच्या बाई घरी येऊन गेल्या, काही सवलत बघू म्हणाल्या, पण आईचा दमा सुरू झाला होता आणि भाकऱ्या थापायला दुसरे हात नव्हते. मी नववीवरच शाळा सोडली. काही महिन्यांनी शीवला औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या कारखान्यात लागले. वर पंखा नव्हता.

मी शाळा सोडली त्याच सुमारास महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. सगळं लालबाग दिव्यांनी उजळलं, कठड्यांना आंब्याची तोरणं, लेझीम, गुलाल, पेढे. लोक रडत होते आनंदाने. आमच्या दारातून लोक ‘झाला, झाला’ ओरडत गेले. मी धावत कठड्याशी गेले, मूठ वर केली आणि तोंडातून पहिला शब्दच निघेना. मागे वळून बघितलं तर आई दरवाजा ओढून घेत होती. त्या दिवशी आमच्याकडे दिवा लागला तो देवाजवळचाच.

पुढे मी संसार केला. मला वाचायची सवय होती ती राहिली, वाचनालयाच्या पुस्तकांवर मी माझं शिक्षण ओढत नेलं, पण ते कागदावर कुठे नाही. माझ्या नवऱ्याने विमा काढला तेव्हा एकेक हप्ता मी स्वतः रांगेत उभी राहून भरला, ताप असताना भरला. आईने रक्तात भिनवलेलं कुठे जातंय! प्रत्येक वेळी वाटायचं, मी काय मागतेय हे? पण भरला. ते आजही आहेत, खुर्चीत बसून पेपर वाचतायत आणि चहा मागतायत.

आईशी मी ह्यावर भांडले नाही असं नाही. एकदा लग्नाआधी, कारखान्यातून दमून आले होते, हातांना डिंक चिकटलेला, तेव्हा म्हणाले, "तुझ्या मण्यांनी माझी शाळा खाल्ली." ती म्हणाली, "होय गो. खाल्ली." तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती माझ्याकडेच गेली. शेवटी शेवटी दम्याने अगदी मूठभर उरली होती. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. गळा उघडा, नुसती हाडं, आणि सवयीने डावा हात तिथे काही चाचपत होता. चमचा बाजूला सारून ती म्हणाली, "गो, आता मी त्यांका भेटतलंय. ते विचारतले."

"काय विचारतील?"

"विम्याचे पैसे गावले काय, म्हणून." गावले म्हणजे मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा तिने ‘विमा’ हा शब्द उच्चारला. मग माझं मनगट धरलं. हिंदमाताच्या रस्त्यावर धरलं होतं तसंच, घट्ट. "आणि पोर मॅट्रिक झाली काय, म्हणून. मी काय सांगू त्यांका?"

इतक्या वर्षांचा राग कुठे गेला कोण जाणे. निदान त्या दुपारी तो मला सापडला नाही. मी तिचं तोंड पुसलं.

"सांग, गावले सगळे. आणि सांग, पोर मॅट्रिक झाली."

"झाली?" ती म्हणाली.

"झाली गो आई. पहिल्या वर्गात झाली."

"मगे बरां," असं म्हणून तिने पेजेसाठी तोंड उघडलं.